विश्लेषण : नागपूरपेक्षा पारा कमी, तरी पालीतले ऊन जास्त घातक का ठरू शकते?

एप्रिल-मे आला की राज्यातल्या उन्हाच्या बातम्या चंद्रपूर, अकोला, जळगाव इथल्या पाऱ्यापासून सुरू होतात. ४४-४५ अंशांच्या त्या आकड्यांपुढे कोकणातले ३५-३६ अंश किरकोळ वाटतात. त्यामुळे सुटीत अष्टविनायक यात्रेला निघालेली कुटुंबे पालीच्या बल्लाळेश्वराच्या दर्शनासाठी भर दुपारीही रांगेत उभी राहतात. ‘कोकणात काय, नुसता घाम येतो’ अशी समजूतही असते. मात्र एकाच कार्यक्रमात १४ जणांचा बळी घेणारी उष्माघाताची दुर्घटना विदर्भात नव्हे, तर याच रायगड जिल्ह्यात घडली होती आणि त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. घाम येणे आणि घाम सुकणे यातला फरक समजला, की कोकणातल्या उन्हाचा धोका लक्षात येतो.

खारघरमध्ये काय घडले होते?

१६ एप्रिल २०२३. पनवेल तालुक्यातल्या खारघरच्या मोकळ्या मैदानात ज्येष्ठ निरूपणकार अप्पासाहेब धर्माधिकारी यांना ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार देण्याचा राज्य सरकारचा सोहळा होता. त्यासाठी लाखोंचा जनसमुदाय लोटला होता. गर्दीत जागा मिळावी म्हणून अनेक जण खूप आधीपासून मैदानात येऊन बसले होते. कार्यक्रम दुपारी एकच्या सुमारास संपला. डोक्यावर छप्पर नव्हते. त्या दिवशी परिसरात कमाल तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस नोंदवले गेले. उष्माघाताने मृत्युमुखी पडलेल्यांचा आकडा पुढील काही दिवसांत १४ वर गेला. त्यानंतर उन्हाचा तडाखा असेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ दिले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जाहीर केले.

यातला ३८ हा आकडा महत्त्वाचा आहे. नागपूरकर मे महिन्यात ३८ अंशांना ‘आज जरा बरे आहे’ म्हणतात. तेच ३८ अंश रायगडमध्ये, दमट हवेत, सावलीशिवाय आणि काही तास एकाच जागी बसलेल्या माणसासाठी जीवघेणे ठरू शकतात.

कोकणात उष्णतेची लाट किती अंशांना?

भारतीय हवामान विभागाचे निकष सगळीकडे सारखे नाहीत. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. डोंगराळ भागासाठी ही मर्यादा ३० अंश, तर किनारी भागासाठी ३७ अंश आहे. त्याबरोबरच तापमान त्या काळातल्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. ही वाढ ६.४ अंशांपेक्षाही जास्त असेल, तर ती तीव्र लाट. अलिबागसारख्या ठिकाणी एप्रिल-मेचे सरासरी कमाल तापमान ३२-३३ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे तिथे ३७-३८ अंश ही मोठी उसळी असते.

रायगडने याहून मोठे आकडेही पाहिले आहेत. २८ मार्च २०१७ रोजी जिल्ह्यातल्या भिरा इथे ४६.५ अंश तापमान नोंदवले गेले आणि देशभर त्याची बातमी झाली. त्या केंद्रावरच्या नोंदींबद्दल शंकाही घेतल्या गेल्या. पण रायगडकरांनी भिऱ्याच्या विक्रमी आकड्यापेक्षा खारघरचा साधासा वाटणारा आकडा जास्त लक्षात ठेवायला हवा. असे दिवस दर उन्हाळ्यात येतात आणि कुणाचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही.

शिवाय हे दिवस आता मे महिन्याची वाट पाहत नाहीत. २०२५ मध्ये फेब्रुवारी संपण्याआधीच मुंबई, ठाणे, रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला गेला होता. थंडीतून नुकतेच बाहेर आलेले शरीर तेव्हा उन्हाला सरावलेले नसते. हा सराव होण्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणूनच उन्हाळ्यातली पहिली लाट अनेकदा जास्त त्रासदायक ठरते.

नागपूरचा कूलर पालीत का चालत नाही?

विदर्भात घरोघरी दिसणारा वाळ्याचा कूलर कोकणात जवळपास कुणीच घेत नाही. कारण साधे आहे. कूलरमधला पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ओढतो. जाळीतल्या पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर जाळीतले पाणी नीट सुकत नाही. मग कूलर हवा गार करत नाही, उलट खोली आणखी दमट करतो.

माणसाचे शरीरही याच तत्त्वावर चालते. फक्त जाळीच्या जागी त्वचा आणि टाकीतल्या पाण्याच्या जागी घाम असतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण सुकला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर नेतो. मात्र त्यासाठी तो सुकायला हवा. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला थेंब शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जवळपास तशीच मागे ठेवतो. पालीत, रोह्यात किंवा अलिबागला शर्ट ओलाचिंब होतो तो याचमुळे. तिथे नागपूरपेक्षा घाम जास्त येतो असे नाही, तर आलेला घाम सुकत नाही.

पालीची भौगोलिक जागाही इथे महत्त्वाची आहे. सुधागड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण समुद्रापासून आत, अंबा नदीच्या खोऱ्यात, सरसगडाच्या पायथ्याशी आहे. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याला दुपारनंतर समुद्रावरचा वारा थोडा दिलासा देतो. आतल्या भागात पोहोचेपर्यंत त्या वाऱ्याचा गारवा ओसरतो, हवेतला दमटपणा मात्र उरतो. म्हणजे किनाऱ्यापेक्षा पारा चढा आणि हवा पुन्हा कोकणातलीच.

शरीराची सहनशक्ती मोजायची कशी?

तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित परिणाम सांगणारे एक जुने माप आहे, वेट बल्ब तापमान. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला, की पाणी सुकते आणि पारा खाली येतो. तो जिथे थांबतो, ते वेट बल्ब तापमान. घाम सुकवून शरीर फार तर किती गार होऊ शकेल, याची ती ढोबळ मर्यादा असते. हवा जितकी दमट, तितके हे तापमान चढे.

तीन उदाहरणे पाहू. पारा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, म्हणजे विदर्भातल्या कोरड्या दुपारसारखी स्थिती असेल, तर वेट बल्ब तापमान साधारण २२ अंश येते. पारा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे किनाऱ्यावरची मे महिन्यातली उकाड्याची दुपार असेल, तर ते साधारण २९ अंश. पारा ३७ अंश आणि आर्द्रता ५० टक्के, म्हणजे किनाऱ्यापासून थोडे आत असेल, तर साधारण २८ अंश. पारा पाच ते आठ अंशांनी कमी असूनही शरीराची गार होण्याची क्षमता कोकणात बरीच कमी झालेली दिसते.

वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर गेले, तर निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडला होता. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. दमट हवेत हलकी हालचाल करतानाही त्यांच्या शरीराचे तापमान ३०-३१ अंश वेट बल्बलाच नियंत्रणाबाहेर चढू लागले. वृद्ध, आजारी किंवा कष्टाचे काम करणाऱ्यांसाठी ही मर्यादा आणखी खाली असणार, हे उघड आहे.

याचा अर्थ विदर्भातले ऊन सौम्य आहे, असा नाही. तिथे हवाच शरीरापेक्षा तापलेली असते आणि घाम इतक्या झटपट सुकतो, की शरीरातले पाणी कमी होत असल्याचे कळतही नाही. दोन्हीकडचा धोका वेगळ्या वाटेने येतो. वैदर्भीय माणूस डोक्याला दुपट्टा बांधून, कामे सकाळी उरकून त्याची तयारी करतो. कोकणात ३६ अंशांसाठी अशी तयारी करायची सवय नाही.

पालीसारख्या ठिकाणी जास्त धोका कुणाला?

पहिला गट भाविकांचा. अष्टविनायकांपैकी पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक ही दोन स्थाने रायगडमध्ये आहेत. उन्हाळी सुटी, शनिवार-रविवार आणि चतुर्थीला इथे गर्दी असते. सुटीच्या दिवशी पालीच्या अरुंद रस्त्यांवर वाहनांची कोंडी होते आणि माणसे बस किंवा गाडीत अडकून पडतात. त्यानंतर रांग, तापलेली फरशी आणि अनवाणी पाय. संकष्टीला यात उपवासाची भर पडते. चंद्रोदयापर्यंतचा उपवास, सकाळपासून दोन कप चहा आणि वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुद्दाम कमी प्यायलेले पाणी. विशेषतः महिला आणि ज्येष्ठ प्रवासी हे हमखास करतात. रांगेत उभे राहिल्यावर चक्कर येते ती अनेकदा या साऱ्याच्या बेरजेमुळे.

यात्रेतल्या उन्हाचा फटका किती मोठा असू शकतो, हे जून २०२४ मध्ये मक्केत दिसले. पारा ५० अंशांवर गेलेला असताना हजयात्रेत १,३०१ जणांचा मृत्यू झाल्याचे सौदी अरेबियाने जाहीर केले. त्यातले बहुसंख्य परवान्याविना आलेले होते. अधिकृत यात्रेकरूंना मिळणारा निवारा त्यांना नव्हता आणि ते भर उन्हात लांबचे अंतर चालत होते. ठिकाण, धर्म आणि पारा वेगळा असला, तरी सावली नसणे आणि उन्हात जास्त वेळ काढणे ही कारणे खारघरसारखीच होती.

दुसरा गट कष्टकऱ्यांचा. सुधागड आणि आसपासच्या तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे उन्हाळ्यात वीटभट्ट्यांवर राबतात. तिथे वरून ऊन आणि बाजूने भट्टीची धग असते. भातशेतीसाठी राब भाजणारे शेतकरी, पेण-उरणकडचे मिठागर कामगार, रस्त्याच्या कामावरचे मजूर, किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या कोळी महिला यांना दुपार टाळणे सोपे नसते. काम करताना स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात. त्यामुळे पंचविशीतला धडधाकट तरुणही अशा वेळी कोसळू शकतो. कामावर नव्याने आलेल्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम उन्हात द्यावे आणि रोज थोडे वाढवत न्यावे, हा कामगार आरोग्यातला जुना नियम आहे.

तिसरा गट घरातला. पत्र्याच्या घरात दिवसभर एकटे असणारे आजी-आजोबा, तान्ही बाळे, गर्भवती, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण. वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होत जाते. त्यामुळे ‘तहान लागली की पितील’ यावर विसंबून चालत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणारी औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे, शरीराला उष्णतेशी जुळवून घेणे अवघड करतात. ही औषधे मनाने बंद करू नयेत. उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

बंद गाडीत झोपलेले मूल हा आणखी एक धोका. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढू शकते. ‘पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो’ म्हणून मुलाला किंवा वृद्धांना गाडीत ठेवू नये. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

साधा थकवा की उष्माघात, ओळखायचे कसे?

उन्हाचा त्रास बहुतेक वेळा पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. सुरुवातीला घामोळे, पोटऱ्यांत किंवा पोटात पेटके. मग उष्णतेचा थकवा : खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे, लघवी गडद पिवळी होणे. माणूस या टप्प्यावर शुद्धीत असतो, प्रश्नांना नीट उत्तरे देतो. सावलीत झोपवून, कपडे सैल करून, पाणी किंवा ओआरएस दिले तर बहुतेकांना अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटते.

उष्माघात ही पुढची आणि प्राणघातक पायरी. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. असंबद्ध बोलणे, चिडचिड, ओळख न पटणे, तोल जाणे, झटके किंवा शुद्ध हरपणे ही त्याची खूण. प्रत्येकाजवळ तापमापक नसतो, पण ‘तुमचे नाव काय, आपण कुठे आलोय, आज वार कोणता’ हे प्रश्न विचारता येतात. उत्तर गोंधळलेले आले, तर उष्माघात समजूनच हालचाल करावी.

इथे एक जुनी समजूत कोकणात घात करू शकते. ‘उष्माघातात घाम थांबतो आणि त्वचा कोरडी पडते’ असे अनेकांनी शाळेत वाचलेले असते. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते अनेकदा खरे असते. मात्र काम करताना किंवा चालताना कोसळलेल्या माणसाला उष्माघातातही भरपूर घाम येत असू शकतो आणि दमट हवेत तो अंगावर तसाच राहतो. ‘घाम येतोय म्हणजे काळजी नाही’ असे म्हणून थांबू नये.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे?

उष्माघातात नियम एकच : आधी गार करा, मग हलवा. शरीर जितका वेळ तापलेले राहील, तितकी मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडाची हानी वाढत जाते. पहिल्या ३० मिनिटांत तापमान खाली आणले, तर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून रुग्णवाहिकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नये.

एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. बाकीच्यांनी रुग्णाला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत आणि अंगावर सतत पाणी ओतावे. विहिरीचे, नळाचे, बाटलीतले, जे हाताशी असेल ते चालेल. जोडीला पुठ्ठा, पदर, पंखा, जे मिळेल त्याने जोरात वारा घालावा. पाणी ओतल्याने उष्णता थेट निघून जाते, त्यामुळे दमट हवेत नुसते ओले फडके कपाळावर ठेवण्यापेक्षा हा उपाय कितीतरी परिणामकारक आहे. टाकी किंवा मोठे घमेले मिळाले, तर डोके वर धरून अंग गार पाण्यात बुडवणे सर्वांत चांगले. सरबताच्या गाडीवर किंवा मासळीवाल्यांकडे बर्फ असतोच. तो फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघेत ठेवावा.

शुद्ध हरपलेल्या किंवा गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नाही आणि तिने तो उतरत नाही. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच. आतल्या अवयवांना झालेली इजा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही समोर येऊ शकते.

काय प्यावे, किती प्यावे?

उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. मात्र तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. नुसते पाणी भराभर पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरून वेगळाच धोका उद्भवतो. तासन् तास घाम गाळणाऱ्याला मीठही परत मिळायला हवे. त्यासाठी ताक, मीठ घातलेली पेज, नाचणीची आंबील, पन्हे, मीठ घातलेले कोकम सरबत, शहाळे हे घरातले पर्याय उत्तम. हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी पाणी आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ओआरएसची पुडी घ्यायची, तर ती औषधाच्या दुकानातली, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार असलेली घ्यावी. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. नावात ‘ओआरएस’ असलेली गोड पेये बाजारात बरीच वर्षे विकली जात होती. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असल्याच्या तक्रारी होत्या. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांना हा शब्द वापरण्यास मनाई केली.

उपवास करणाऱ्यांनीही पाणी सोडू नये. ताक, शहाळे, लिंबूपाणी उपवासाला चालतेच. निर्जळी उपवासाचा दिवस असेल, तर दर्शन सकाळी लवकर उरकावे. मद्य आणि अतिगोड शीतपेये तहान भागवल्यासारखे भासवतात, उपयोग मात्र करत नाहीत. खिशात किंवा टोपीत कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, याला काहीही आधार नाही. अलिबागचा पांढरा कांदा जेवणात जरूर घ्यावा. खिशात मात्र पाण्याची बाटली बरी.

पंखा, पत्रे आणि घर : कोकणात काय उपयोगी?

पारा ४० अंशांच्या वर असताना पंखा शरीरावर गरम हवा फेकतो आणि उलट तापवतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. रायगडमध्ये घरातला पारा बहुतेक वेळा त्याखाली असतो. त्यामुळे इथे पंखा कामाचाच. अंगाभोवती साचलेली दमट हवा तो हटवतो आणि घामाला सुकायला संधी देतो. अंग, हात आणि मान ओली करून पंख्याखाली बसल्यास परिणाम आणखी वाढतो. वीज गेल्यास मात्र घरात कोंडून न घेता झाडाच्या सावलीत, वारा असेल तिथे बसावे.

मंगलोरी कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्याचे घर मात्र दुपारी तव्यासारखे तापते. पत्र्यावर पांढरा रंग किंवा चुना मारणे, वर झावळ्या किंवा पेंढ्याचा थर टाकणे, आतून माळा किंवा छत बांधणे हे कमी खर्चाचे उपाय आहेत. दिवसा पश्चिमेच्या खिडक्या झाकून ठेवाव्यात आणि रात्री उघडाव्यात. दमट रात्री घर थंड होत नसेल तर झोपण्यापूर्वी अंघोळ करावी. रात्रभरात शरीराला विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचा उकाडा अधिक बाधतो.

पालीला येणारे अनेक जण जवळच्या उन्हेरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांवरही जातात. हिवाळ्यात हा अनुभव सुखद असतो. मे महिन्याच्या दुपारी, रांगेतून थकून आल्यावर किंवा उपाशीपोटी गरम पाण्यात उतरल्यास शरीराला आणखी उष्णता सोसावी लागते आणि रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. उन्हाळ्यात कुंडावर जायचेच, तर सकाळी आणि थोडाच वेळ जावे. वृद्ध, गर्भवती आणि हृदयरुग्णांनी टाळलेले बरे.

जबाबदारी फक्त नागरिकांची आहे का?

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला खारघरच्या मैदानातही अपुरा ठरला असता, कारण तिथे सावली नव्हती आणि गर्दीतून बाहेर पडणेही सोपे नव्हते. २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. लोकांपर्यंत वेळेत इशारा पोहोचवणे, रुग्णालयांची आधीच तयारी करणे, पाणी आणि सावलीची सोय करणे ही त्याची सूत्रे. नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तीच वाट धरली. कोकणातल्या तालुक्याच्या गावांना आणि तीर्थक्षेत्रांनाही अशा आराखड्याची तितकीच गरज आहे. फक्त तो विदर्भाची नक्कल नसावा, आर्द्रता धरून आखलेला असावा.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. रांगेवर मंडप आणि पंखे, पायाखाली ओले तरट, दर काही अंतरावर पाणी, वृद्धांसाठी बसायला बाके, स्वच्छ आणि सहज सापडणारी स्वच्छतागृहे, हाताशी बर्फ आणि पाण्याने भरलेला एखादा हौद. वीटभट्टी आणि रस्त्याच्या कामांवर दुपारी १२ ते ४ सुटी, त्याबदल्यात सकाळी लवकर सुरुवात आणि कामगारांच्या जोड्या, म्हणजे एक अडखळू लागला तर दुसऱ्याच्या लक्षात येईल. सभा-समारंभांच्या आयोजकांनी तर कार्यक्रमाची वेळ ठरवतानाच हवामानाचा अंदाज पाहायला हवा.

उद्याचा अंदाज वाचताना काय पाहावे?

हवामान विभागाचे मुंबईतले प्रादेशिक केंद्र जिल्हानिहाय अंदाज देते. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे कृती करा. रायगडसाठी अनेकदा ‘उष्णतेची लाट’ असे शब्द नसतात, ‘उष्ण व दमट हवामान’ असे लिहिलेले असते. हा इशारा वाचून पुढे सरकू नये. वर दिलेल्या उदाहरणांतली २८-२९ अंश वेट बल्बची स्थिती याच शब्दांमागे असू शकते.

मोबाइलवर हवामान पाहताना कमाल तापमानाच्या शेजारची आर्द्रता आणि ‘जाणवणारे तापमान’ हे दोन आकडेही पाहावेत. पारा ३५ च्या पुढे आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल, तर ११ ते ४ या वेळेतले कष्टाचे काम, लांबचे चालणे आणि सावली नसलेली रांग टाळावी. बल्लाळेश्वराचे दर्शन सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर घ्यावे. ते जमणारच नसेल, तर बरोबर पाणी, डोक्यावर छत्री आणि शेजारच्या माणसाकडे लक्ष, एवढे तरी असायलाच हवे.